मुलांची अर्धशिशी : दुखण्यापूर्वी आणि दुखण्यानंतर

उन्हाळा लागला की रायपूरमधील शाळा सकाळच्या होतात. नऊ वाजत नाहीत तोच ऊन डोळ्यांस खुपू लागते आणि वर्गाच्या खिडक्या ओढून घ्याव्या लागतात. अशा एखाद्या वर्गात बारातेरा वर्षांचा एक विद्यार्थी तिसऱ्या तासाला एकामागून एक जांभया देऊ लागतो. आदल्या रात्री त्याची झोप पुरेशी झालेली असते. फळ्यावरचे गणित तो दोनदा उतरवून घेतो आणि दोन्ही वेळा चुकतो. शेजारच्या मुलाने पेन्सिल मागितली एवढ्यावरून तो त्याच्या अंगावर खेकसतो. त्याचा चेहरा उतरलेला दिसतो व डोळ्यांखाली काळसर छटा उमटलेली असते. शिक्षकांस वाटते, मुलगा आळसावला आहे. घरी पोहोचेपर्यंत त्याचे कपाळ ठणकू लागते, उजेड सोसेनासा होतो, एकदोन उलट्या होतात आणि अंधाऱ्या खोलीत तो निजून जातो. दोनतीन तासांनी तो उठतो तेव्हा दुखणे थांबलेले असते. घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि लागलीच त्यास अभ्यासाला बसवितात. परंतु धडा वाचला तरी तो ध्यानात राहत नाही. मान वळविली की डोके पुन्हा जड होते. सारखी तहान लागते. दुसऱ्या दिवशीही तो शाळेत गप्पगप्पच असतो. "काल संध्याकाळीच तर बरा झाला होतास, मग आज काय झाले?" असा प्रश्न त्यास विचारला जातो आणि त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

हे चित्र कोणा एका विशिष्ट मुलाचे नव्हे. शंभर मुलांच्या शाळेत ते सरासरीने सातआठ जणांच्या वाट्यास येऊ शकते. सकाळची जांभई, दुपारचे ठणकणारे कपाळ आणि दुसऱ्या दिवसाची मरगळ ही तीन निरनिराळी दुखणी नसून एकाच विकाराचे तीन टप्पे आहेत. त्या विकाराचे नाव अर्धशिशी. त्यातील मधला टप्पा सर्वांस ठाऊक असतो, कारण तो दुखतो. पहिला व शेवटचा टप्पा मात्र आळस, हट्ट, बहाणा किंवा चुकारपणा या नावांखाली झाकला जातो. या दोन उपेक्षित टप्प्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

नाव आणि नावाने होणारी दिशाभूल

रायपूर शहरात या दुखण्यास एकाहून अधिक नावे आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग होता. त्यामुळे शासनाच्या, शिक्षणाच्या व व्यापाराच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या स्थायिक झाली आहेत. त्यांच्या घरात आजी 'अर्धशिशी' म्हणते, शेजारच्या हिंदी घरात 'आधासीसी' म्हणतात आणि छत्तीसगडी बोलणारी कामकरी बाई नुसते 'मूड पीरा' म्हणते, म्हणजे डोक्याची पीडा. शब्द निराळे असले तरी उपचार पुष्कळदा सारखेच असतात : कपाळावर सुंठेचा लेप, डोक्याला घट्ट बांधलेले फडके आणि अंधारी खोली. कारणमीमांसाही सारखीच असते. ऊन बाधले, पित्त झाले किंवा दृष्ट लागली, असे घरोघर सांगितले जाते. उलटी झाल्यावर बरे वाटते, म्हणून पित्ताचा समज विशेष दृढ झालेला आहे.

हा विकार फार पुरातन आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचे वर्णन 'अर्धावभेदक' या नावाने येते. ग्रीक वैद्यांनीही अर्ध्या कवटीचे दुखणे याच अर्थाचा शब्द त्यास योजला आणि त्याच शब्दाचा अपभ्रंश होत होत आजचा 'मायग्रेन' हा शब्द झाला. प्राचीन वैद्यांनी रोगाच्या वर्णनात आणखी एक मोलाचा शब्द दिला आहे. तो म्हणजे 'पूर्वरूप'. रोग पूर्णपणे प्रकट होण्यापूर्वी जी चिन्हे दिसतात ती त्याची पूर्वरूपे होत. अर्धशिशीच्या बाबतीत आधुनिक वैद्यक या कल्पनेकडे गेल्या काही दशकांत गांभीर्याने वळले आहे.

तथापि 'अर्धशिशी' हे नाव मुलांच्या बाबतीत थोडी फसगत करते. प्रौढ माणसाचे बहुधा अर्धे डोके दुखते. लहान मुलाचे मात्र पुष्कळदा दोन्ही बाजूंस, विशेषतः कपाळाच्या पुढील भागात दुखते. प्रौढांचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. मुलांचा झटका दोन तासांत आटोपू शकतो. काही लहान मुलांत डोके जवळजवळ दुखतच नाही. त्याऐवजी बेंबीभोवती पोट दुखते, चेहरा पांढरा पडतो व मळमळते. यास पोटाची अर्धशिशी म्हणतात. अशा मुलांपैकी काहींना पुढे मोठेपणी नेहमीची अर्धशिशी जडते. तेव्हा अर्धे डोके दुखत नाही म्हणून ती अर्धशिशी नव्हे, असे मुलांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

किती मुलांना?

मुलांची डोकेदुखी हा थट्टेचा विषय नाही, हे आकड्यांनी प्रथम दाखवून दिले ते स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ बो बिले यांनी. उप्साला शहरातील सुमारे नऊ हजार शाळकरी मुलांची पाहणी करून त्यांनी १९६२ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्या पाहणीत शेकडा सुमारे चार मुलांना अर्धशिशी असल्याचे आढळले. वय वाढते तसे प्रमाणही वाढत जाते, हेही त्यांना दिसले. बिले येथेच थांबले नाहीत. तीव्र अर्धशिशी असलेल्या ७३ मुलांचा मागोवा त्यांनी पुढे चाळीस वर्षे घेतला आणि १९९७ मध्ये त्याचा वृत्तांत दिला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना वयाच्या पन्नाशीच्या सुमारासही झटके येत होते. काहींचे दुखणे मात्र तारुण्याच्या उंबरठ्यावरच नाहीसे झाले होते. 'मोठा झाला की आपोआप जाईल' हा दिलासा कित्येकांच्या बाबतीत खरा ठरतो, सर्वांच्या बाबतीत नाही, एवढे यावरून दिसते.

निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून पुढे काढलेला अंदाज शेकडा सातआठ मुले असा आहे. वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. वयात आल्यावर मुलींचे प्रमाण मुलग्यांच्या दुपटीहून अधिक होते. आईवडिलांपैकी एकास अर्धशिशी असेल तर मुलास ती होण्याचा संभव वाढतो. म्हणूनच वैद्य मुलास तपासताना प्रथम आईकडे वळून विचारतो, "आपलेही डोके असेच दुखते का?"

चार टप्पे

अर्धशिशीच्या संपूर्ण झटक्याचे चार टप्पे मानले जातात. पहिला पूर्वलक्षणांचा, तो काही तासांपासून एकदोन दिवसांपर्यंत चालतो. दुसरा पूर्वाभासाचा, हा प्रत्येकास येत नाही. यात डोळ्यांपुढे चमकती नागमोडी रेषा किंवा आंधळा ठिपका दिसतो, क्वचित हाताला व ओठांना मुंग्या येतात आणि पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत हा प्रकार टिकतो. तिसरा टप्पा प्रत्यक्ष वेदनेचा. चौथा उत्तरलक्षणांचा, वेदना थांबल्यावर तो सुरू होतो व बहुधा एका दिवसाच्या आत संपतो. भरतीच्या लाटेशी याची तुलना करता येईल. किनाऱ्यावर ती आपटते तो क्षण सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु पाणी तत्पूर्वीच फुगू लागलेले असते आणि लाट ओसरल्यावरही वाळू बराच वेळ ओलीच राहते.

लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ जे. एन. ब्लाउ यांनी १९८० मध्ये पूर्वलक्षणे ही पूर्वाभासाहून निराळी आहेत, असे स्पष्टपणे मांडले आणि पुढे १९९१ मध्ये झटक्यानंतरच्या लक्षणांचेही स्वतंत्र वर्णन केले. त्यांच्यापूर्वीच्या वैद्यांनी ही चिन्हे पाहिली नव्हती असे नाही. परंतु वेदनेच्या मानाने ती क्षुल्लक वाटत असल्यामुळे रुग्ण ती सांगत नसे आणि वैद्य ती विचारीत नसे.

झटक्यापूर्वीची चिन्हे

या चिन्हांवर कितपत विसंबावे, अशी शंका येणे साहजिक आहे. डोके दुखल्यानंतर मागे वळून पाहिले की कालची कोणतीही बारीकसारीक गोष्ट 'चिन्ह' वाटू लागते. हा आक्षेप दूर करण्यासाठी एन. जे. गिफिन व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये एक चतुर योजना प्रसिद्ध केली. सत्त्याण्णव प्रौढ रुग्णांच्या हाती त्यांनी विजेवर चालणारी रोजनिशी दिली. तीत मागाहून फेरफार करता येत नसे. आज कोणती चिन्हे जाणवतात आणि त्यावरून झटका येईल असे वाटते काय, हे रुग्णांनी आधीच नोंदवावयाचे होते. पूर्वलक्षणांच्या नोंदींपैकी शेकडा ७२ नोंदींनंतर भाकिताप्रमाणे खरोखरच डोके दुखले. थकवा, लक्ष न लागणे आणि मान आखडणे ही त्यांतील सर्वांत वारंवार आढळलेली चिन्हे होती.

मुलांच्या बाबतीत अभ्यास उशिरा सुरू झाले. फ्रान्समधील लील येथील जे. सी. क्युव्हेलिए यांनी २००९ मध्ये १०३ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलांना निदान एक तरी पूर्वलक्षण जाणवत होते. सर्वांत अधिक आढळली ती तीन चिन्हे : चेहऱ्यात पडणारा फरक, थकवा आणि चिडचिड. चेहऱ्यातील फरक म्हणजे एकाएकी येणारा फिकेपणा किंवा डोळ्यांखालची काळी वर्तुळे. हे चिन्ह मुलास स्वतःला दिसत नाही. ते आईला दिसते. पुढे २०१६ मध्ये लंडनमधील वैद्यांनी शंभर मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चारपंचमांशांहून अधिक मुलांत पूर्वलक्षणे आढळली; त्यांतही थकवा व मनःस्थितीतील पालट ही चिन्हे अग्रभागी होती.

यांखेरीज इतरही चिन्हे सांगितली जातात. वारंवार जांभया येणे, गोड किंवा खारट खावेसे वाटणे, तहान लागणे, वारंवार लघवीस जावे लागणे, उजेड व आवाज नकोसा होणे, मान आखडणे, शब्द न आठवणे इत्यादी. काही मुले त्या दिवशी उदास होतात, तर काही अकारण उत्साही होऊन धावपळ करतात. प्रत्येक मुलात सर्वच चिन्हे दिसत नाहीत. परंतु ज्या मुलात जी दिसतात, ती बहुधा पुन्हा पुन्हा तीच दिसतात. वैद्याच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे.

कारण की चिन्ह?

पूर्वलक्षणांच्या ज्ञानाने अर्धशिशीविषयीच्या कित्येक जुन्या समजुतींची फेरतपासणी करणे भाग पडले आहे. एखादी मुलगी सांगते, "काल चॉकलेट खाल्ले आणि आज डोके दुखले." चॉकलेटने डोके दुखते, असा निष्कर्ष घरात निघतो आणि चॉकलेट बंद होते. परंतु गोड खाण्याची अनावर इच्छा हेच मुळी पूर्वलक्षण असू शकते. तसे असेल तर झटका आतून आधीच सुरू झालेला होता. चॉकलेट हे त्याचे कारण नसून त्याच्या चाहुलीने घडलेले कृत्य होते.

उन्हाची गोष्टही अशीच दुहेरी आहे. रायपूरचा मे महिना कडक असतो; पारा ४२ अंशांच्या वर जाणे हे येथे नित्याचे. प्रखर उजेड, तहान आणि उकाड्याने मोडलेली झोप यांमुळे पुष्कळांना खरोखरच झटके येतात. परंतु उजेड डोळ्यांस सोसवेनासा होणे हेही पूर्वलक्षणांपैकी एक आहे. जो मुलगा म्हणतो की आज ऊन फार टोचते आहे, त्याच्या शेजारच्या मुलांना तेच ऊन नेहमीसारखे वाटत असेल, तर टोचणी उन्हात नसून त्याच्या मेंदूत सुरू झालेल्या बदलात असण्याचा संभव आहे. मान आखडली म्हणून दप्तरास दोष देणे, चिडचिडीनंतर डोके दुखले म्हणून भांडणास दोष देणे, यांतही तोच गोंधळ होऊ शकतो. कारण कोणते व चिन्ह कोणते, याचा उलगडा एकदोन झटक्यांवरून होत नाही; अनेक झटक्यांची नोंद समोर ठेवावी लागते.

मेंदूत काय घडते?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान, संप्रेरकांचे चढउतार आणि दिवसरात्रीचा क्रम यांचे नियमन तो करतो. पूर्वलक्षणांची यादी पुन्हा वाचली असता असे दिसेल की जांभई, भूक, तहान, झोप व मनःस्थिती यांच्याशी संबंधित चिन्हे याच भागाच्या कारभारातील आहेत. त्यामुळे झटक्याचा आरंभ येथून होत असावा, असा तर्क शास्त्रज्ञांनी पूर्वीच केला होता. संशोधकांनी २०१४ मध्ये पॉझिट्रॉन चित्रणाच्या साह्याने दाखविले की औषध देऊन झटका उत्पन्न केला असता, वेदना सुरू होण्यापूर्वीच, पूर्वलक्षणांच्या काळात या भागातील रक्ताभिसरण वाढते. हँबुर्ग येथील लॉरा शुल्टे व आर्ने माय यांनी २०१६ मध्ये याहून विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. अर्धशिशीच्या एका रुग्णाच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण त्यांनी सलग तीस दिवस रोज केले. त्या काळात तीन झटके नैसर्गिकरीत्या आले आणि प्रत्येक झटक्यापूर्वीच्या चोवीस तासांत हायपोथॅलॅमसचे वर्तन पालटलेले आढळले. एका रुग्णावरून सर्वांविषयी निर्णय देता येत नाही; तथापि मुलगा आळशी नसून त्याच्या मेंदूत खरोखरच काही घडत असते, या म्हणण्यास या प्रयोगांनी भक्कम आधार दिला आहे.

पूर्वाभासाचा उलगडा याहून आधी झाला. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांपुढील चमकत्या रेषेची वाढ मोजली आणि १९४१ मध्ये असे अनुमान केले की मेंदूच्या पृष्ठभागावरून एक विक्षोभ मिनिटास सुमारे तीन मिलिमीटर इतक्या संथ वेगाने सरकत असावा. ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआँव यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत अगदी अशाच वेगाने पसरणारी मंदावस्थेची लाट असल्याचे वर्णन केले. त्यानंतर वेदनेचा टप्पा येतो. चेहरा व मेंदूची आवरणे यांतील संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू उत्तेजित होतो, त्याच्या टोकांतून वेदना वाढविणारी द्रव्ये स्रवतात आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर कपाळ ठणकू लागते.

वेदना थांबल्यानंतर

झोप लागणे व उलटी होणे हे मुलांच्या झटक्याचे नेहमीचे शेवट आहेत. येथे दुखणे संपले असे घरातील सर्व जण धरून चालतात. प्रत्यक्षात मेंदूची घडी पूर्ववत बसण्यास आणखी काही तास लागतात. गिफिन यांनी रोजनिशीच्या साह्याने १२० प्रौढ रुग्णांचा या दृष्टीने अभ्यास केला व तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा ८१ जणांनी वेदना गेल्यानंतरची लक्षणे नोंदविली होती. थकवा, लक्ष एकाग्र न होणे व मान आखडणे ही लक्षणे येथेही प्रमुख होती. पूर्वलक्षणांत जी नावे आली तीच येथे परत येतात, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जणू मेंदू ज्या दाराने झटक्यात शिरतो, त्याच दाराने तो बाहेर पडतो. मुलांविषयी लील येथूनच २०१८ मध्ये शंभर रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. बहुसंख्य मुलांनी अशी लक्षणे सांगितली. त्यांत अशक्तपणा, तहान, भूक व झोपाळूपणा यांचा समावेश होता.

विद्यार्थ्याच्या आयुष्यात हा चौथा टप्पा सर्वांत महाग पडू शकतो. डोके दुखत असताना त्यास अभ्यासाला बसविण्याचा आग्रह सहसा कोणी धरीत नाही. परंतु वेदना थांबल्यावर त्यास कोणतीही सवलत उरत नाही. फेब्रुवारी-मार्चमधील मंडळाच्या परीक्षांच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी झटका येऊन गेलेला विद्यार्थी सकाळी परीक्षेच्या दालनात बसतो, तेव्हा त्याचे डोके दुखत नसते. परंतु वाचलेले वाक्य त्यास दोनदा वाचावे लागते, बेरीज करताना हातचा विसरतो आणि येत असलेले उत्तर वेळेवर आठवत नाही. त्याच्या उत्तरपत्रिकेवर गुण कमी पडतात आणि कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिला जातो. पुढे तो मुलगाही स्वतःस निष्काळजी समजू लागतो. दुखण्याने झालेल्या हानीपेक्षा ही हानी अधिक काळ टिकते.

रोजनिशी आणि दिनचर्या

या ज्ञानाचा घरात व शाळेत उपयोग कसा करावा? पहिले साधन म्हणजे एक साधी वही. झटक्याची तारीख, आरंभाची वेळ, आदल्या दिवसाची झोप, जेवणाच्या वेळा, पाणी, ऊन, आदल्या दिवशी दिसलेली चिन्हे, घेतलेले औषध आणि पूर्णपणे ताजेतवाने वाटू लागल्याची वेळ, इतकेच तीत लिहावयाचे. मोठ्या मुलाने ती स्वतः लिहावी. लहान मुलाची नोंद आईने ठेवावी. दोनतीन महिन्यांत त्या मुलाची ठरावीक चिन्हे उघड होऊ लागतात. अगदी लहान मुलांस वेदना शब्दांत सांगता येत नाही. त्यांच्या हाती कागद व रंग देऊन 'तुझे डोके कसे दुखते ते काढ' असे सांगावे. मुलांच्या अशा चित्रांची निदानात चांगली मदत होते, असे अमेरिकेतील २२६ मुलांच्या चित्रांवरून २००२ मध्ये दाखविण्यात आले आहे.

दुसरे साधन दिनचर्येचे. अर्धशिशी असलेल्या मेंदूस अनियमितपणा मानवत नाही. झोपेची व उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही शक्यतो तीच असावी. सकाळच्या शाळेच्या घाईत मूल उपाशीपोटी घराबाहेर पडू नये. छत्तीसगडच्या खेड्यांत रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदाचटणीबरोबर खाण्याची जी 'बोरे बासी'ची जुनी रीत आहे, तीत न्याहारी व पाणी या दोहोंची सोय एकदम होते. शहरातील मुलाने पोहे खावेत किंवा भाकरी, पण पोट रिकामे ठेवू नये. पाण्याची बाटली वर्गात जवळ असावी. उन्हात टोपी किंवा गमछा वापरावा. पूर्वलक्षणे दिसू लागली की त्या दिवशी दुपारच्या उन्हातील खेळ व जागरण टाळावे.

तिसरी गोष्ट औषधाची. वेदना सुरू होताच योग्य मात्रेत घेतलेले औषध उशिरा घेतलेल्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरते. पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन ही मुलांसाठी नेहमीची औषधे होत. त्यांची मात्रा वजनावरून डॉक्टरांनी ठरवावी. मुलांना अॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यामुळे क्वचित यकृत व मेंदू यांवर घातक परिणाम होतो. आठवड्यातून दोनतीन दिवसांहून अधिक वेळा वेदनाशामके घेऊ लागल्यास त्या औषधांमुळेच डोकेदुखी वाढीस लागते, हेही विसरता कामा नये. पूर्वलक्षणे दिसताच औषध देऊन वेदना टाळता येईल काय, याचा प्रयोग प्रौढांवर झाला असून २०२३ मध्ये त्याचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. परंतु त्यावरून मुलांस तसे औषध देणे योग्य ठरत नाही.

वारंवार येणारे झटके रोखण्यासाठी रोज घ्यावयाच्या औषधांविषयी अमेरिकेत झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ ते सतरा वर्षांच्या ३६१ मुलांना दोन प्रचलित औषधे किंवा औषधाचा अंश नसलेली गोळी देण्यात आली. तिन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुले सारखीच सुधारली. औषधांचे दुष्परिणाम मात्र औषधांच्या गटांत अधिक दिसले. यातून उपचार व्यर्थ आहेत असा अर्थ काढू नये. दिलासा, नियमितपणा व विश्वास यांचा मुलांच्या मेंदूवर केवढा प्रभाव पडतो, हेच त्यावरून दिसते. याच संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये असे दाखविले होते की महिन्यातील निम्म्याहून अधिक दिवस डोके दुखणाऱ्या मुलांना औषधाबरोबर मन शांत ठेवण्याचे व वेदनेस तोंड देण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले, तर केवळ माहिती व औषध दिलेल्या मुलांपेक्षा त्यांचे दुखण्याचे दिवस बरेच अधिक कमी होतात.

केव्हा विलंब करू नये

प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. एकाएकी व पूर्वी कधीही न आलेली भयंकर वेदना. ज्वर व ताठ झालेली मान. डोक्यास मार लागल्यानंतरचे दुखणे. झोपेतून जागे करणारी किंवा सकाळी उठताच उलटीसह येणारी आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी. तोल जाणे, दोन दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे, फेफरे येणे किंवा शुद्ध हरपणे. तसेच अगदी लहान मुलाचे वारंवार डोके दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास लेप व फडके यांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. मान आखडणे हे अर्धशिशीचेही चिन्ह असले, तरी ज्वराबरोबर ते आल्यास त्याचा अर्थ निराळा असतो. रायपूरमध्ये १९६३ साली स्थापन झालेले पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न असलेले डॉ. आंबेडकर रुग्णालय, तसेच २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्यामुळे तज्ज्ञांच्या तपासणीसाठी नागपूर गाठण्याची पूर्वीची अडचण आता उरलेली नाही.

शिक्षकांचे काम

अर्धशिशीचा झटका ओळखण्यासाठी शिक्षकास वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. रोज तेच चाळीस चेहरे पाहणाऱ्या माणसास त्यांतील एक चेहरा आज उतरलेला आहे, हे कोणत्याही यंत्रापेक्षा आधी कळते. अशा मुलास खिडकीपासून दूर बसविणे, पाणी पिऊ देणे, डब्यातील चार घास खाऊ देणे, वेदना सुरू झाल्यास अंधाऱ्या व शांत जागी पडू देणे आणि घरी कळविणे, इतकेच काम आहे. दुसऱ्या दिवशी तो परत आला म्हणजे बुडालेला धडा त्याच तासाला म्हणून घेण्याऐवजी एक दिवस थांबणे हाही उपचाराचाच भाग होय. वर्गात फसवणूक करणारी मुले नसतात असे नाही. परंतु फिकट चेहरा, जांभया व डोळ्यांखालची काळी वर्तुळे यांचे सोंग आणणे बारा वर्षांच्या मुलास साधत नाही.

आरंभी वर्णिलेल्या मुलाकडे पुन्हा वळल्यास त्याच्या दिवसाचा अर्थ आता निराळा लागतो. सकाळच्या त्या जांभया हा त्याच्या मेंदूने पाठविलेला निरोप होता. तो निरोप वाचता आला असता तर त्यास वेळेवर पाणी व सावली मिळाली असती, वेदना सुरू होताच औषध देता आले असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मंदपणाबद्दल कोणी त्यास बोल लावला नसता. आपले दुखणे डोके दुखू लागण्यापूर्वी सुरू होते आणि दुखायचे थांबल्यावरही काही काळ उरते, एवढी एक गोष्ट त्या मुलास, त्याच्या आईस व त्याच्या शिक्षकांस कळली, तर झटके एकदम थांबणार नाहीत हे खरे. परंतु झटक्याबरोबर येणारा बोल, संशय आणि स्वतःविषयीचा अविश्वास मात्र त्याच दिवसापासून थांबू शकेल.